डिस्क ड्रायव्हर: रांग लावून झाली, वेग मात्र तिथेच

पाटीपुस्तक

नमस्कार मंडळी. शिकायचं म्हणून एक छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितोय. एकाच कोअरवर चालतं, मल्टिटास्किंग आहे, साधीशी फाइल सिस्टिम आहे. अडलंय ते डिस्कपाशी.

सध्याचा कारभार असा: फाइल सिस्टिमला ४ केबीचा ब्लॉक हवा असला की ती एक बफर पुढे करते. ड्रायव्हर तो रांगेत लावतो, डिस्क मोकळी असेल तर लगेच कमांड देतो आणि मागणारी प्रोसेस झोपी जाते. इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक) आला की हँडलर डेटा पोर्टमधून सेक्टर वाचून बफरमध्ये भरतो, प्रोसेसला उठवतो आणि पुढची रिक्वेस्ट सुरू करतो. एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) ड्रायव्हरचाच सांगाडा आहे, ओळखीचा वाटेल. चालतं सगळं बरोबर, पण मोठी फाइल वाचायला घेतली की रडतखडत. आणि तेवढ्या वेळात बाकीच्या प्रोसेस जेमतेम हलतात.

डिस्क शेड्यूलिंगचं प्रकरण वाचून सी-स्कॅन लिहिलं, म्हणजे डिस्कचं हेड एकाच दिशेने रिक्वेस्ट उरकत जातं आणि टोकाला पोचलं की परत सुरुवातीला येतं. रांग आता सेक्टर क्रमांकानुसार लागते. वेगात काडीचाही फरक नाही. आता लूक (शेवटच्या रिक्वेस्टपाशीच हेड उलटं फिरतं) करून बघू, की सर्वात जवळची रिक्वेस्ट आधी घेऊ? क्यूएमूवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) आणि एका जुन्या मशीनवर, दोन्हीकडे तपासतोय. मशीनमध्ये ७२०० आरपीएमची साटा डिस्क आहे, बायोसमधून आयडीई मोडवर ठेवलेली.

जुनी_तबकडी

अल्गोरिदम बदलू नका. आधी एक आकडा आणा: नवीन रिक्वेस्ट रांगेत घालताना तिथे आधीपासून किती उभ्या असतात? एक काउंटर लावा आणि हजारेक रिक्वेस्टनंतर छापा.

माझा अंदाज सांगून ठेवतो. शून्य. तुमची प्रोसेस एक ब्लॉक मागते आणि झोपते. तो आल्याशिवाय दुसरा मागतच नाही. मग सी-स्कॅन लावा, लूक लावा, क्रम लावायला दुसरी रिक्वेस्ट आहे कुठे?

दुसरं, प्रत्येक रिक्वेस्टवर तीन वेळा नोंदवा: रांगेत शिरली तेव्हा, डिस्कला कमांड गेली तेव्हा आणि पूर्ण झाली तेव्हा. प्रोसेसरचा टाइमस्टॅम्प काउंटर वाचला की पुरे. पहिल्या दोनमधलं अंतर म्हणजे वाट पाहणं, पुढच्या दोनमधलं म्हणजे प्रत्यक्ष काम. हे दोन वेगळे केल्याशिवाय ड्रायव्हरच्या वेगाबद्दल बोलणं म्हणजे अंधारात तीर.

तिरपा_डोळा

रांग राहू दे बाजूला. तुमचा प्रोसेसर कुठे अडकतोय ते बघा.

पीआयओमध्ये (प्रोसेसर स्वतः डेटा उचलतो ती पद्धत) डेटा पोर्ट एका वेळी १६ बिट देतो. ५१२ बाइटचा सेक्टर म्हणजे २५६ वेळा वाचन, ४ केबीचा ब्लॉक म्हणजे ८ सेक्टर आणि २,०४८ वाचनं. शिवाय साध्या रीड सेक्टर्स कमांडमध्ये दर सेक्टरला एक इंटरप्ट, म्हणजे ब्लॉकमागे ८. एक एमबीची फाइल म्हणजे २,०४८ इंटरप्ट आणि ५,२४,२८८ पोर्टवाचनं. हे सगळं तुम्ही हँडलरच्या आत, इंटरप्ट बंद ठेवून करताय. बाकीच्या प्रोसेस हलणार कशा? टायमरचा इंटरप्टसुद्धा ताटकळतोय.

पीआयओ मोड ४ ची कागदावरची कमाल मर्यादा सेकंदाला १६.६ एमबी. डिस्क कितीही चांगली आणली तरी या वाटेने त्यापुढे जाणं नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये तर पोर्टला हात लावला की पाहुणं कर्नल थांबवून ताबा होस्टकडे जातो. साध्या लूपमध्ये एकेक शब्द वाचत असाल तर निदान रेप (पुनरावृत्तीचा उपसर्ग) लावून स्ट्रिंग वाचनाची सूचना वापरा.

तात्पुरता उपाय: रीड मल्टिपल. आयडेंटिफाय कमांडला डिस्क स्वतःची जी माहिती देते, तिच्या ४७ व्या शब्दातला खालचा बाइट सांगतो की एका इंटरप्टला जास्तीत जास्त किती सेक्टर मिळतील. बहुतेक १६ असतं. सेट मल्टिपल मोडने ते ठरवून घ्या. ब्लॉकमागे ८ चे १ इंटरप्ट होतील. कायमचा उपाय अर्थातच डीएमए, म्हणजे कंट्रोलरनेच डेटा थेट मेमरीत टाकणं.

नुसता_वाचक

वाचतोय. चर्चा चांगली रंगणार.

पाटीपुस्तक

@जुनी_तबकडी, काउंटर लावला. एकच प्रोसेस वाचत असताना शून्य, अगदी प्रत्येक वेळी. दोन प्रोसेस एकदम सोडल्या तर कधी शून्य, कधी एक. सी-स्कॅनचा कोड चालतोय पण त्याला काम नाही, हे आता दिसलं.

@तिरपा_डोळा, रीड मल्टिपल लावलं. १६ च मिळाले. कन्सोलवर टाइप केलेलं अक्षर आता लगेच उमटतं, हा फरक डोळ्यांना दिसण्याइतका आहे. खऱ्या डिस्कवर फाइल वाचायचा एकूण वेळ मात्र थोडासाच उतरला.

मग रांग भरायची कशी? प्रोसेस तर एका वेळी एकच ब्लॉक मागणार.

बिंदुमाला

प्रोसेस एकच मागते, पण तिच्या वतीने पुढचे ब्लॉक मागायला कर्नलला कोणी अडवलेलं नाही. फिरत्या डिस्कचं गणित एकदा मांडते, मग कुठे हात घालायचा ते आपोआप कळेल.

७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर डोक्याखाली (वाचणाऱ्या हेडखाली) येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, ४.१७ मिलिसेकंद. हेड योग्य ट्रॅकवर न्यायला सरासरी ८ धरू. डेटा वाचण्याआधीच १२ मिलिसेकंद गेले. डिस्क सलग वाचताना सेकंदाला १५० एमबी देते असं धरलं, तर ४ केबी वाचायला लागतात सुमारे २७ मायक्रोसेकंद. म्हणजे विखुरलेले ४ केबीचे ब्लॉक एकेक करून मागितले, तर सेकंदाला ८० च्या आसपास रिक्वेस्ट, म्हणजे जेमतेम ३२० केबी. आता तेच १२ मिलिसेकंद खर्चून सलग १ एमबी मागा. वाचायला आणखी ७ मिलिसेकंद, एकूण १९. वेग ५० एमबीच्या वर. डिस्क तीच, कोडमधली रांगही तीच. बदलला तो फक्त रिक्वेस्टचा आकार.

म्हणून माझा क्रम असा असता. आधी रीड-अहेड: एखादी फाइल ओळीने वाचली जातेय असं दिसलं की पुढचे काही ब्लॉक न मागता मागवायचे. ओळ टिकली तर खिडकी दुप्पट करत न्यायची, प्रोग्रॅमने भलतीकडे उडी मारली की परत लहान. लिनक्समध्ये या खिडकीची नेहमीची कमाल मर्यादा १२८ केबी असते. तिथून सुरुवात करायला हरकत नाही. पण यासाठी तुमच्या बफर कॅशला (मेमरीत ठेवलेल्या ब्लॉकचा साठा) 'मागवलाय, अजून आलेला नाही, आणि कोणी वाट बघत नाहीये' अशी अवस्था माहीत असायला हवी. एक्सव्ही६ च्या सांगाड्यात ती नाही. तिथे बफर मागणारा झोपणार हे गृहीतच आहे. खरं काम तिथे आहे, ड्रायव्हरमध्ये नाही.

मग मर्जिंग: रांगेतल्या एका रिक्वेस्टचा शेवटचा सेक्टर आणि दुसरीचा पहिला सेक्टर लागून असतील तर दोन्ही मिळून एकच कमांड. त्यासाठी रिक्वेस्ट आली रे आली की डिस्ककडे धाडायची सवय सोडावी लागते. लिनक्समध्ये याला प्लगिंग म्हणतात. बूच लावायचं, मागणाऱ्याला त्याच्या सगळ्या रिक्वेस्ट टाकू द्यायच्या, तो झोपायला निघाला की बूच काढायचं. तेव्हा मर्ज करायला काहीतरी हातात असतं. आणि तुमचं सी-स्कॅनही तेव्हा कामाला लागेल.

जुनी_तबकडी

+१. लिखाणाच्या बाजूने एक भर. डिस्कची राइट कॅश बंद असेल आणि तुम्ही एकेक ब्लॉक लिहून उत्तराची वाट पाहात असाल, तर उत्तर मिळून पुढची कमांड जाईपर्यंत पुढचा सेक्टर डोक्याखालून निघून गेलेला असतो. पूर्ण फेरी वाया. सलग लिहीत असूनही सेकंदाला फार तर १२० ब्लॉक, म्हणजे ४८० केबी. वाचनात हे सहसा जाणवत नाही, कारण डिस्क स्वतःहून पुढचं वाचून आपल्या कॅशमध्ये ठेवते.

अनाहूत

सगळं ठीक आहे, पण हेड, फेऱ्या, ट्रॅक... २०२० नंतर हे कोण वापरतं? एसएसडी लावा आणि शेड्यूलर फेकून द्या. लिनक्समध्येही एनव्हीएमईला (वेगवान एसएसडींची जोडणी) 'नन', म्हणजे शेड्यूलरच नाही, असं असतं की.

तिरपा_डोळा

शेड्यूलर फेकता येतो, रिक्वेस्ट हाताळणं फेकता येत नाही. एसएसडीवर क्रमवारीचं महत्त्व गेलं, खोलीचं (एका वेळी किती रिक्वेस्ट डिस्ककडे आहेत त्याचं) उलट वाढलं. समजा एका वाचनाला १०० मायक्रोसेकंद लागतात. एका वेळी एकच रिक्वेस्ट बाहेर असेल तर सेकंदाला १०,००० च्या पुढे तुम्ही जाऊच शकत नाही, आत कितीही चिप्स रिकाम्या बसलेल्या असोत. ३२ बाहेर ठेवल्या तर हीच मर्यादा ३,२०,००० होते. साटाच्या एनसीक्यूमध्ये (डिस्कला एकदम अनेक कमांड देऊन ठेवायची सोय) ३२ च जागा आहेत. एनव्हीएमईचं स्पेसिफिकेशन तब्बल ६५,५३५ रांगा आणि प्रत्येकीत ६५,५३६ पर्यंत जागा देतं. धाग्यातला ड्रायव्हर एनव्हीएमईवर नेऊन बसवला तरी त्याची खोली एकच राहणार, आणि पैसे देऊन घेतलेली डिस्क झोपा काढणार.

लिनक्सलाही हे निस्तरावं लागलं. जुन्या ब्लॉक लेयरमध्ये (डिस्कच्या रिक्वेस्ट सांभाळणारा कर्नलचा थर) प्रत्येक डिव्हाइसला एकच रांग आणि तिच्यावर एकच लॉक. फिरत्या डिस्कच्या सेकंदाला शंभरेक रिक्वेस्टना तो पुरून उरायचा. एसएसडी लाखांत बोलायला लागल्या तेव्हा सगळे कोअर त्या एका लॉकपाशी घुटमळायला लागले. म्हणून बीएलके-एमक्यू आलं, ३.१३ मध्ये, २०१४ च्या सुरुवातीला. दर कोअरला स्वतःची रांग, आणि खाली हार्डवेअरला जितक्या असतील तितक्या. जुना मार्ग २०१९ मध्ये ५.० मध्ये काढून टाकला, सीएफक्यू हा जुना शेड्यूलरही त्याबरोबर गेला.

अनाहूत

मान्य, 'फेकून द्या' जरा जास्त झालं. पण क्रमवारीचा कोड घासत बसण्यात अर्थ नाही एवढं तरी धरा.

बिंदुमाला

फिरत्या डिस्कवरही थोडं खरं आहे ते. आपल्याला फक्त सेक्टर क्रमांक दिसतो. प्लॅटर या क्षणी कुठे आहे हे डिस्कच्या फर्मवेअरलाच ठाऊक. एनसीक्यूत ३२ दिल्या की त्यांतला क्रम ती आपल्यापेक्षा चांगला लावते. आपण फक्त आत काय पाठवायचं आणि बाहेर काय थांबवायचं ते बघायचं.

पाटीपुस्तक

सगळ्यांचे आभार. रीड-अहेड आणि मर्जिंग जमलं. बफरला 'येतोय' ही नवी अवस्था दिली. त्या अवस्थेतला बफर कोणी मागितला तर तेव्हाच झोपायचं. खऱ्या मशीनवर फरक प्रचंड आहे, मोठी फाइल आता पीआयओच्या मर्यादेपाशी जाऊन थडकते. म्हणजे आता डीएमएची पाळी. बस मास्टर आयडीई (जुन्या आयडीईचं डीएमए) करू की थेट एएचसीआय (साटा कंट्रोलरची नवी पद्धत)?

एक नवी भानगड: मागे एक प्रोसेस सपाटून लिहीत असेल तर साधं डिरेक्टरी बघायलाही सेकंदच्या सेकंद जातात.

जुनी_तबकडी

भानगडीचं आधी. शुद्ध क्रमवारी न्याय करत नाही. हेड ज्या भागात आहे तिथेच नवीन लिखाणं येत राहिली, तर लांबचं एक वाचन उभंच राहतं. सी-स्कॅनमध्ये निदान फेरा पूर्ण होतो, पण फेरा किती लांबेल याला धरबंद नाही.

डेडलाइन शेड्यूलरची कल्पना उचला, दीडदोनशे ओळींत होते. दोन याद्या सेक्टरनुसार, एक वाचनाची आणि एक लिखाणाची. त्याच रिक्वेस्ट आणखी दोन याद्यांत, आल्या त्या क्रमाने, मुदतीसकट. नेहमी सेक्टरच्या क्रमाने चालायचं. एखादीची मुदत उलटली की उडी मारून तिच्यापासून सुरुवात करायची. लिनक्समध्ये वाचनाला ५०० मिलिसेकंद, लिखाणाला ५ सेकंद मुदत असते, आणि एकदा दिशा ठरली की १६ रिक्वेस्टचा गठ्ठा जातो. वाचनाला झुकतं माप का? वाचणारा ताटकळत असतो. लिखाण कॅशमधून मागाहून जातं, त्याच्यासाठी बहुतेक वेळा कोणी थांबलेलं नसतं. तरी लिखाणाला सलग दोनदाच डावलायचं, तिसऱ्यांदा त्याची पाळी.

तिरपा_डोळा

शिकायचंच आहे तर थेट एएचसीआय. पण बस मास्टर आयडीईवर कोणी येणार असेल तर हे खड्डे: पीआरडी टेबलमधली (डेटा मेमरीत कुठे जायचा त्या तुकड्यांची यादी) एक नोंद फार तर ६४ केबीची, आणि ती ६४ केबीची सीमा ओलांडता कामा नये. लांबीच्या जागी शून्य म्हणजे ६४ केबी, रिकामं नव्हे. पत्ता ३२ बिटचा आणि भौतिक, व्हर्च्युअल नाही. मर्ज केलेल्या रिक्वेस्टचे बफर मेमरीत विखुरलेलेच असतात, त्यामुळे या तुकड्यांच्या यादीशिवाय गत्यंतर नाही.

एएचसीआयमध्ये नोंद ४ एमबीपर्यंत चालते आणि दर पोर्टला ३२ पर्यंत कमांड स्लॉट. तिथे तीन गोष्टी सांभाळा.

एनसीक्यू कमांड देताना आधी सॅक्ट (कोणत्या एनसीक्यू कमांड अजून बाकी आहेत ते दाखवणाऱ्या) रजिस्टरमधला बिट, मग कमांड इश्यूमधला. उलट नको.

इंटरप्ट आला म्हणजे एकच कमांड संपली असं नाही. तुम्ही पाठवलेल्या टॅगचा (कमांडच्या क्रमांकांचा) मास्क स्वतःकडे ठेवा, सॅक्ट वाचा, आणि जे बिट तुमच्याकडे १ पण तिथे ० ते सगळे पूर्ण झाले. एकाच फेरीत सगळे उरका. 'एक इंटरप्ट, एक रिक्वेस्ट' हा जुना सांगाडा इथे मोडतो, आणि मोडतो तोही आडून: भार कमी असताना नीट चालतं, भार वाढला की एखादी प्रोसेस कायमची झोपलेली राहते. आणि इंटरप्टचे बिट साफ करताना आधी पोर्टचे, मग कंट्रोलरचे.

तिसरं, एनसीक्यू आणि साध्या कमांड एकाच वेळी डिस्ककडे ठेवता येत नाहीत. फ्लश कॅश (डिस्कच्या कॅशमधलं तबकडीवर उतरवणं) ही साधी कमांड आहे. म्हणजे फ्लशआधी बाहेर असलेलं सगळं परत येऊ द्यायचं, मग फ्लश, मग पुन्हा सुरू. दर लिखाणामागे फ्लश करणारी फाइल सिस्टिम असेल तर ३२ ची खोली नुसती शोभेला.

बिंदुमाला

फ्लशचा विषय निघाला म्हणून. मर्जिंग, क्रमवारी, एनसीक्यू हे सगळं लिखाणाचा क्रम बदलतं. तुमच्या फाइल सिस्टिममध्ये जर्नल (बदल आधी नोंदवून ठेवायची वही) असेल तर 'जर्नलचे ब्लॉक आधी, कमिटचा ब्लॉक नंतर' हा क्रम आजवर एकेक रिक्वेस्टच्या सांगाड्यामुळे बहुतांशी फुकटात मिळत होता. आता तो मागावा लागेल. जर्नलचे ब्लॉक पाठवायचे, ते पूर्ण झाल्याची वाट बघायची, फ्लश, मग कमिट, आणि त्यालाही फ्लश किंवा एफयूए (कॅशवर न थांबता थेट तबकडीवर लिहायची खूण). डिस्कने 'झालं' म्हटलं म्हणजे ते तिच्या कॅशमध्ये पोचलं इतकंच.

क्यूएमूवर वीज गेल्याची नक्कल करणार असाल तर डिस्कचा कॅश मोड बघून घ्या. अनसेफवर फ्लश सरळ दुर्लक्षिला जातो. आणि वेग मोजताना 'नन' ठेवा, नाहीतर तुम्ही डिस्क नव्हे, होस्टच्या रॅमचा वेग मोजत असता.

नुसता_वाचक

अवांतर: लिफ्टचं अल्गोरिदम (सी-स्कॅनचीच जात) शिकलो, परीक्षेत पंधरा सिलिंडर क्रमांक देऊन एकूण हालचाल काढायला लावली. रांगेत ते पंधरा आले कुठून हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

पाटीपुस्तक

:) तो प्रश्न मलाही होता.

एएचसीआय उभं राहिलं, एनसीक्यूशिवाय आधी. हँडलरमध्ये आता डेटाची ने-आण नाही, फक्त पूर्ण झालेल्या नोंदी आणि जागं करणं. मोठी फाइल वाचतानाही प्रोसेसर बहुतेक रिकामाच दिसतो. डेडलाइनच्या याद्या लावल्यावर लिखाण चालू असताना डिरेक्टरीही झटकन येते.

शेवटचा एक प्रश्न राहिला. मर्ज करून १ एमबीची एकच कमांड गेली आणि मधला एक सेक्टर खराब निघाला, तर काय करायचं? त्यात २५६ ब्लॉक आहेत, त्यांतले काही रीड-अहेडचे, आणि वाट पाहणारे कदाचित दोघं-तिघं वेगवेगळे.

जुनी_तबकडी

सगळ्यांना एरर देऊ नका, आणि तीच कमांड जशीच्या तशी परतही पाठवू नका. खराब सेक्टरवर डिस्क स्वतःच कित्येक सेकंद झगडते. लिनक्स एका कमांडला ३० सेकंद देतं ते उगाच नाही. मोठी कमांड तीनतीनदा धाडलीत तर सगळी रांग मिनिटभर ठप्प.

मर्ज मोडा. ज्या ब्लॉकची खरोखर कोणी वाट पाहतंय तेवढेच वेगळ्या कमांडने पाठवा, त्यात जो चुकेल त्याच्याच मालकाला एरर. रीड-अहेडचे बाकीचे ब्लॉक 'आलाच नाही' म्हणून मुकाट सोडून द्या. कोणी मागितले तर तेव्हा वाचू. डीएमए कमांड अर्ध्यावर फसली असेल तर एररच्या आधीचा डेटा बफरमध्ये आलाच असेल असं गृहीत धरू नका, तेही पुन्हा वाचा. आणि एनसीक्यू चालू केलंत की लक्षात ठेवा, एक टॅग चुकला तर बाहेरच्या सगळ्याच रद्द होतात. कोणता चुकला ते डिस्कच्या लॉगचं १० वं पान वाचून काढावं लागतं, पान क्रमांक हेक्समधला. निर्दोष असलेल्या बाकीच्या रिक्वेस्ट रांगेच्या तोंडाशी परत लावा, त्यांची जुनी मुदत न बदलता.